ओळख पटेना की रेंज मिळेना

साशंक: ताई, मला एक गोष्ट आधी सांगा. अॅप उघडल्यावर ते कास्तकाराची ओळख कशी पटवून घेणार, एकदा पटलेली ओळख किती दिवस धरणार, मधेच रेंज गेली तर काय करणार, हे सगळं ते फोनवर येण्याआधीच कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बदलणारा माणूस आमच्या गावात मला तरी दिसला नाही. बहुतेक अॅपमध्ये तर तशी जागाच नसते. म्हणजे तुम्ही ज्याला डिफॉल्ट म्हणता तो आमच्यासाठी शेवटचा शब्द असतो. पीक नोंदवायच्या ई-पीक पाहणी अॅपचंच घ्या. ते १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालं. त्याआधी गाव नमुना बारावर पीक चढवायचं काम तलाठ्याचं. तो वावरात येऊन चढवो की चावडीत बसून, चूक झाली तर जाब विचारायला एक माणूस समोर होता. आता पीक आम्ही चढवायचं, फोटो आम्ही काढायचा, अक्षांश-रेखांश आमच्या फोननं द्यायचे. हे काम अंगावर आलं म्हणून मी रडत नाही. सातबाऱ्यावर आपलं पीक आपल्या हातानं लिहिता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण दार उघडायचे नियम ज्यानं लिहिले त्यानं घाटाखालचं वावर पाहिलं होतं का? संग्रामपूर, जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याला धुऱ्यावर उभं राहिलं की एखादी कांडी दिसते, आणि चार पावलं पऱ्हाटीत शिरलं की तीही जाते. तिथं दर वेळी ओटीपी मागणारं अॅप कशाच्या कामाचं?

आग्रही: काका, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तपासण्या एकात मिसळल्या आहेत, त्या आधी सोडवू. एक तपासणी फोन करतो: समोर बोलतोय तो सर्व्हर खरंच महसूल विभागाचा आहे का? दुसरी सर्व्हर करतो: फोन हातात धरलेला माणूस खरंच तो खातेदार आहे का? लोकांना फक्त दुसरी दिसते, कारण तिच्यात ओटीपी येतो, आकडे टाकावे लागतात, चिडचिड होते. पहिली सेकंदाच्या आत उरकते. सर्व्हर सर्टिफिकेट दाखवतो. फोन त्यावरची सही आपल्याजवळच्या विश्वासू संस्थांच्या यादीशी ताडतो, नाव जुळतं का बघतो, मुदत संपली नाही ना ते बघतो. या पहिल्या तपासणीत मी एक इंचही मागे सरणार नाही. २०१२ साली जर्मनीतल्या हॅनोव्हर आणि मारबुर्ग इथल्या संशोधकांनी १३,५०० मोफत अँड्रॉइड अॅप तपासली. त्यातल्या १,०७४ अॅपमध्ये ही तपासणी करणारा कोड कच्चा निघाला. असं का होतं, ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. चाचणीच्या सर्व्हरला खरं सर्टिफिकेट नसतं, म्हणून प्रोग्रामर ‘कोणतंही चालेल’ अशी ओळ लिहून काम पुढे ढकलतो, आणि अॅप लोकांच्या हाती जाताना ती ओळ तशीच राहते. अशा अॅपसह एखाद्या लॉजच्या फुकट वायफायला फोन जोडला, तर मधे बसलेला कोणीही स्वतःला सर्व्हर म्हणवून तुमचा संकेतांक, आधार, फोटो सगळं उचलू शकतो. म्हणून अँड्रॉइडनं डिफॉल्ट बदलले. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेलं अॅप फोनवर बाहेरून टाकलेली सर्टिफिकेटं आपणहून मानत नाही. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून उघडी, कुलूप नसलेली जोडणी आपणहून बंद असते. विसरभोळ्या प्रोग्रामरच्या हातूनसुद्धा कास्तकाराचं नुकसान होऊ नये, ही सोय डिफॉल्टनंच केली. तुम्ही म्हणता सेटिंग कोणी बदलत नाही. बरोबर आहे, आणि म्हणूनच ती आधीपासून कडक हवी.

साशंक: तत्त्व मान्य. आता त्याची किंमत कोण भरतो ते बघू. आमच्याकडे घरातला नवा फोन पोरगा घेऊन पुण्याला जातो आणि मागं राहतो तो जुना, बॅटरी फुगलेला. बॅटरी काढून घातली की त्याची तारीख पार मागं जाते. रेंज नसली तर ती आपोआप दुरुस्तही होत नाही. मग एखादी कांडी आली की, तारीख दुरुस्त व्हायच्या आत, तुमची ती पहिली तपासणी म्हणते, सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झाली नाही, सबब सर्व्हर खोटा. म्हणजे सर्व्हर खरा, माणूस खरा, वावर खरं, चुकलं फक्त घड्याळ. आणि पडद्यावर काय येतं? ‘नेटवर्क एरर’. तो बिचारा फोन हातात घेऊन झाडावर चढतो, टेकाडावर जातो, तासभर रेंज शोधतो. त्याचा दिवस गेला. पुन्हा तो शेजाऱ्याला सांगतो, अॅप बंद आहे. तुमचा कडक नियम बरोबर असेलही, पण त्यानं गप्प राहून माणसाला चुकीच्या वाटेला लावलं, ते कसं बरोबर?

आग्रही: ते बरोबर नाहीच. त्याला मी काही सबबही देणार नाही. उलट तुमच्या बाजूनं आणखी एक उदाहरण देते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था जगभरातल्या लाखो संकेतस्थळांना फुकट सर्टिफिकेटं देते. ती ज्या जुन्या मूळ सर्टिफिकेटच्या आधारावर उभी होती त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली, आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनना तिचं नवं मूळ ओळखीचंच नव्हतं. संस्थेनं जुन्या फोनसाठी वेगळी सही करून घेतली आणि तीन वर्षांची सवड मिळवली. तिनं तपासणी सैल केली नाही, पण जुना फोन हातात असलेल्या माणसाचा विचार मुदत संपायच्या आधी केला. मला कडकपणा हवा तो असा. तारीख चुकली असेल तर अॅपनं मराठीत, मोठ्या अक्षरात सांगावं: फोनची तारीख चुकली आहे, ती दुरुस्त करा. एवढं एक वाक्य लिहायला अर्धा तास लागत नाही. ते लिहिलं जात नाही, कारण बांधणाऱ्याच्या टेबलावरच्या फोनची तारीख कधी चुकत नाही.

साशंक: आता तुम्ही स्वतःच माझ्या मुद्द्यावर आलात. टेबलावर जे घडत नाही ते डिफॉल्टमध्ये धरलं जात नाही.

आग्रही: हो, आणि ते नेमकं कुठे होतं ते दाखवते, कारण मोघम बोलून हे सुटणार नाही. अँड्रॉइडवर ओकेएचटीटीपी नावाची लायब्ररी फार वापरली जाते. अॅप सर्व्हरशी बोलतं ते बहुधा तिच्यातून. सर्व्हरला ओळख पटली नाही की तो ४०१ हा आकडा परत पाठवतो. ४०१ आल्यावर काय करायचं, याचं त्या लायब्ररीतलं डिफॉल्ट आहे: काहीच करू नका. प्रोग्रामरनं वेगळं लिहून दिलं तरच ती जुनं टोकन देऊन नवं मागते आणि तेच काम पुन्हा करून बघते. टोकन म्हणजे एकदा ओळख पटल्यावर सर्व्हरनं दिलेली मुदतीची चिठ्ठी. दुसरं डिफॉल्ट वेळेचं. जोडणी व्हायला, उत्तर यायला, माहिती पाठवायला, प्रत्येकाला दहा सेकंद. दहा सेकंद पलीकडून काहीच हाललं नाही की लायब्ररी हात वर करते. पुण्यात दहा सेकंद म्हणजे खूप झाले. एका कांडीवर सोयाबीनचा फोटो चढवताना दहा सेकंद म्हणजे सुरुवात. आता घाईत बांधलेलं अॅप काय करतं? ४०१ आला, वेळ संपली, सर्व्हर बसला, तिन्हींना एकच उपाय: वापरणाऱ्याला बाहेर काढा आणि लॉगिनच्या पानावर नेऊन ठेवा. लॉगिन म्हणजे ओटीपी, ओटीपी म्हणजे रेंज. म्हणजे रेंज नाही म्हणून बाहेर काढलेल्या माणसाला आत येण्यासाठी रेंज मागायची. हंगामाच्या शेवटच्या दिवसांत, सगळा जिल्हा एकदम नोंदी करायला बसतो आणि सर्व्हरवर ताण येतो, तेव्हा हे हमखास घडतं. यात सुरक्षा कणभरही वाढत नाही. रेंज नसणं हा माणूस खोटा असल्याचा पुरावा नाही. ज्या अॅपला या दोन गोष्टींतला फरक कळत नाही त्याला मी कडक म्हणणार नाही, ते अर्धवट आहे.

साशंक: ऐकून बरं वाटलं. मग आता तुमच्या दुसऱ्या तपासणीकडे येऊ, कारण खरं भांडण तिथं आहे. ई-पीक पाहणीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत रीत अशी होती: विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडा, नावानं किंवा गट नंबरानं खातेदार शोधा, मोबाइलवर आलेला चार अंकी संकेतांक टाका. तो आठवत नसेल तर ‘संकेतांक विसरलात?’ दाबा, संकेतांक त्याच पडद्यावर हजर. तुमच्या शास्त्रात हे बसणार नाही, मला माहीत आहे. पण ज्यानं ही सोय ठेवली त्याच्याबद्दल मला आदर वाटतो. त्याला ठाऊक होतं की मेसेज येत नाही, आला तर वाचला जात नाही, वाचला तर पोरानं तो पुसून टाकलेला असतो. आणि कुलूप लावायचं कशाला? माझ्या वावरात सोयाबीन आहे की तूर, हे धुऱ्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसतं. सातबारा तर महाभूलेखवर कोणीही बघू शकतो. यात लपवायचं काय आहे? बँकेला लावतात ते कुलूप पिकाच्या नोंदीला लावलं तर चोर बाहेर राहील की नाही ते सांगता येत नाही, घरधनी मात्र नक्की बाहेर राहील.

आग्रही: इथे मी तुमच्याशी पूर्ण असहमत आहे. बघणं आणि लिहिणं या दोन गोष्टी आहेत. सातबारा कोणीही बघावा, त्याला हरकत नाही. पण त्यावर कोणीही लिहावं का? त्या चार अंकांचं काम माहिती लपवायचं नव्हतंच. ही नोंद कोणी केली याला उत्तर देता यावं, यासाठी ते होते. ते पडद्यावर दिसू लागले की गावातला कोणीही कोणाच्याही नावावर काहीही चढवू शकतो. तुम्ही म्हणाल, दुसऱ्याचं पीक चुकीचं चढवून कोणाला काय मिळणार? २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत, अशी मदत जाहीर झाली तेव्हा आधी कोणाची यादी पाहिली गेली? ई-पीक पाहणीची. सातबाऱ्यावर नोंद असूनही अॅपमध्ये नाव नाही, अशांची ओरड झाल्यावर पुढे अट शिथिल झाली. हमीभावाच्या खरेदीला सोयाबीन न्यायचं तर पीक पेऱ्याची नोंद लागते. भावाभावांत वाटणीचा वाद चालू असेल, तर ‘या गटात कोण पेरतंय’ हे दाखवायला हीच नोंद कामी येते. ज्या कागदामागे पैसा आणि ताबा आहे त्या कागदावर कोण लिहितंय हे कळायला नको? तुमच्या तलाठ्याला जाब विचारता येत होता, असं तुम्हीच आत्ता म्हणालात. संकेतांक पडद्यावर दाखवणाऱ्या अॅपमध्ये जाब कोणाला विचारणार?

साशंक: हा मुद्दा लागला. पण आता त्याची दुसरी बाजू ऐका. आमच्याकडे किती वावरं मक्त्यानं केली जातात याचा विचार करा. मालक अकोल्याला नाहीतर पुण्याला. पेरणारा, फवारणारा, सोंगणारा दुसराच. तो खातेदार नाही, सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही. त्या वावरात खरंच काय उभं आहे हे साऱ्या गावात त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही, आणि अॅपच्या दृष्टीनं तो कोणीच नाही. आजवर काय व्हायचं? मालकाला फोन करायचा, आकडे विचारायचे, नोंद करून टाकायची. नाहीतर ‘विसरलात?’ दाबायचं. तुम्ही दार घट्ट केलं की हा माणूस बाहेर गेला. मालक काही सोयाबीनचा फोटो काढायला पुण्याहून येत नाही, आणि अॅपच्या नव्या डीसीएस (डिजिटल क्रॉप सर्व्हे) आवृत्तीत तर फोटो त्या गटात उभं राहूनच काढावा लागतो. म्हणजे गटात उभा आहे त्याच्याकडे ओळख नाही आणि ओळख आहे तो गटात नाही. वावर पडीक दिसणार. तुमची तपासणी अगदी चोख आणि नोंद साफ खोटी.

आग्रही: मक्त्याचा प्रश्न अॅपनं निर्माण केलेला नाही, काका. तोंडी मक्ता कागदावर येत नाही, कारण कूळ लागेल ही मालकाची भीती आहे. अॅपनं तो फक्त उघडा पाडला.

साशंक: उघडा पाडून पुन्हा त्याच माणसावर लोटला. अॅप निर्दोष असेल, पण तुमचं डिफॉल्ट गृहीत धरतं की खातेदार, पेरणारा आणि फोनवाला हा एकच माणूस आहे. आमच्या घरात ते बहुधा तीन असतात. जमीन म्हातारीच्या नावावर, वावर सून बघते, फोन नातवाकडे. ओळख पटवायच्या प्रत्येक सेटिंगमध्ये घर कसं असतं याची एक कल्पना बसलेली असते. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेतल्या बायांना ई-केवायसी करायला सांगितलं. बाईचा आधार, तिचा ओटीपी, मग नवऱ्याचा किंवा बापाचा आधार आणि त्याचा ओटीपी. ज्या बाईचा नवरा गेला आणि बापही गेला तिनं कोणाचा ओटीपी आणायचा? तिच्यासाठी वाट नंतर काढली गेली. नंतर का? अर्जाचं ते पान बनवणाऱ्यांनी विधवा बाई पाहिली नसेल असं थोडंच आहे. पण डिफॉल्ट लिहिताना डोळ्यापुढं जे घर होतं त्यात ती नव्हती. सगळ्यात जास्त गरज जिला, तीच अपवाद ठरली. मला भीती याची वाटते.

आग्रही: या उदाहरणापुढे मला थांबावं लागतं. पण त्यातून तुम्ही काढता तो निष्कर्ष मी काढणार नाही. घर वेगवेगळं असतं, म्हणून दार उघडं ठेवा, हे उत्तर नव्हे. घर वेगवेगळं असतं, म्हणून एकाहून जास्त माणसांची ओळख अॅपनं मान्य करावी. ‘मी खातेदार आहे’ याशिवाय ‘मी खातेदाराच्या वतीनं लिहितो आहे’ असं उघडपणे म्हणायची जागा असावी. नोंदीवर दोन्ही नावं राहावीत: कोणाच्या खात्यावर आणि कोणाच्या हातानं. हे काही आभाळातून पडलेलं नाही. जून २०२३ मध्ये पीएम-किसानच्या अॅपला चेहरा ओळखून केवायसी करायची सोय आली, तेव्हा एका शेतकऱ्यानं गावातल्या आणखी शंभर जणांना त्यातून मदत करावी असं सरकारनंच सांगितलं. ई-पीक पाहणीतही एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, आणि राहिलेल्या गटांसाठी पाहणी सहायक नेमले जातात. दुसऱ्याच्या हातानं काम होतं हे सरकारला मान्यच आहे. फक्त ते काम त्या दुसऱ्यानं स्वतःच्या नावानं करावं, खातेदाराचे आकडे उसने घेऊन, त्याचं सोंग घेऊन करू नये, एवढंच माझं म्हणणं. आकडे उसने देण्याची सवय लागली की उद्या तोच नातू आजीचा बँकेचा ओटीपीही फोनवर कोणालाही सांगतो.

साशंक: शेवटचं वाक्य खरं आहे. आमच्याकडे फसवणुकीचे फोन येतात ते याच सवयीवर जगतात. पण ‘वतीनं’ लिहायची जागा ठेवली की परवानगी कोण देणार? मालक. ती कशी देणार? ओटीपीनं. आलो की नाही पुन्हा तिथंच?

आग्रही: एकदाच. हंगामाच्या सुरुवातीला, रेंज असलेल्या जागी, चावडीवर नाहीतर बाजाराच्या दिवशी तालुक्याला. कडक तपासणी एकदाच करायची आणि वावरात उभं असताना काहीच मागायचं नाही, असा डिफॉल्ट मी ठेवीन. ओळख पटली की फोनच्या आत, त्याच्या सुरक्षित भागात एक किल्ली तयार करायची. ती त्या फोनमधून बाहेर काढता येत नाही. वावरात रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण ते उपग्रहांवरून येतं, मोबाइलच्या टॉवरवर अवलंबून नसतं. आणि त्यातून जागेबरोबर वेळही मिळते, म्हणजे फोनचं घड्याळ चुकलं तरी अडत नाही. फोटो, जागा, वेळ, पिकाचं नाव या सगळ्यावर फोननं त्या किल्लीनं सही करायची आणि ठेवून द्यायचं. संध्याकाळी गावात रेंज आली की ते आपोआप चढेल. चढताना टोकन संपलेलं असेल तर ओळख पुन्हा मागा, पण साठवलेली नोंद पुसू नका. सर्व्हरनं नोंदीची तारीख वावरातली धरावी, चढवल्याची नाही. यात काय कठीण आहे ते मला सांगा.

साशंक: टोकन किती दिवसांचं?

आग्रही: तीस दिवसांचं म्हणते मी.

साशंक: तीस दिवस म्हणजे जुलैत चावडीवर जाऊन केलेली ओळख ऑगस्टात संपली. पाऊस लांबला, पेरणी मोडली, दुबार पेरली, की नोंदही लांबते, आणि मुदतवाढ मिळते ती ऐनवेळी. हंगामाचा हिशेब महिन्यात बसत नाही. ओळख हंगामभर टिकली पाहिजे, पेरणीपासून पाहणीची मुदत संपेपर्यंत, मुदत वाढली तर तीही वाढली पाहिजे.

आग्रही: हंगामभर चालणारं टोकन म्हणजे हरवलेला फोनही हंगामभर चालणार. विकलेला फोनही. शेगावच्या गर्दीत खिशातून गेलेलाही. बँकेचं अॅप काही मिनिटं हात लावला नाही तर बाहेर काढतं ते उगाच नाही.

साशंक: बँकेच्या अॅपमधून चोर पैसे नेतो. वावराच्या अॅपमधून चोर काय नेईल? फार तर माझ्या सोयाबीनचा मका करील. पैसे गेले तर परत मिळायला वर्ष लागतं. मक्याचं सोयाबीन परत करायला, नियम धड असेल तर, दोन मिनिटं लागावीत. तुम्ही लोक चोरी होऊ नये यावर सगळी अक्कल खर्च करता. झालेली चूक सहज निस्तरावी यावर तिच्या दहाव्या हिश्शानंही नाही. २०२२ पासून आमची नोंद स्वयंप्रमाणित धरली जाते, त्यातल्या दहा टक्क्यांची तलाठ्यानं तपासणी करायची, आणि आम्हाला दुरुस्तीला ४८ तास. नोंद केल्यापासून ४८ तास! दुसऱ्या कोणी माझ्या नावानं नोंद केली असेल तर ती झाली हेच मला ४८ तासांत कळणार नाही. तुमचा ओटीपी, तुमची किल्ली, तुमचं टोकन सगळं राहू द्या. मला हे ४८ तास बदलून द्या, मग दार थोडं सैल राहिलं तरी माझी तक्रार नाही.

आग्रही: हा विचार मी या बाजूनं केला नव्हता. म्हणजे दार किती कडक ठेवायचं हे एकटं ठरवताच येत नाही. मागे दुरुस्तीची वाट जितकी मोकळी, तितकं पुढचं दार सैल परवडतं. दुरुस्तीची वाट नसेल तर पुढचं दार कडक ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि मग तुमची म्हातारी आणि मक्तेवाला बाहेर राहतात. पण काका, ही वाट अॅप बांधणाऱ्याच्या हातात नाही. ४८ तास मी लिहीत नाही, ते शासन ठरवतं. माझ्या हातात दारच आहे, म्हणून मी दार कडक करते.

साशंक: आणि शासन म्हणतं, दार अॅपवाल्यांनी केलं. मधे आम्ही.

आग्रही: माझ्या हातात जे आहे ते सांगते. कोणत्याही खात्यावर नोंद झाली की खातेदाराच्या नंबरवर मेसेज जावा, कोणत्या फोनवरून झाली त्यासकट. अनोळखी फोनवरून झाली असेल तर ती वेगळी दिसावी. सर्व्हरवर प्रत्येक नोंदीचा माग राहावा. ‘हे मी केलं नाही’ असं कोणी म्हणालं तर तो माग काढून बघता येईल.

साशंक: मेसेज पुण्याच्या पोराला जाईल. माग तुमच्या सर्व्हरवर राहील, आणि तो उघडायची परवानगी आमच्यापैकी कोणालाच नाही. उलट त्याच मागाकडं बोट दाखवून मला सांगतील: ओळख पटली होती, किल्ली तुमच्या फोनची होती, जागा तुमच्या गटाची होती, आता नाही कसं म्हणता? तुमची तपासणी जितकी पक्की होईल तितकी माझी नाही म्हणायची जागा आकसत जाईल. याचा विचार केला का? चार आकडे पडद्यावर दिसत होते तेव्हा निदान तहसीलदारासमोर म्हणता येत होतं की साहेब, हे कोणीही करू शकतो.

आग्रही: केला नव्हता. पक्क्या कुलपाचा पुरावा मालकाच्याच विरोधात उभा राहतो, हे खरं आहे. मग सिद्ध करायचं ओझं विभागावर असावं, खातेदारावर नसावं. आणि कळवणं फोनवर सोडू नये. संगणकीकृत सातबाऱ्यातल्या चुका काढायला २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं होतं. तसं पीक पाहणीचं व्हावं. यादी चावडीवर लागावी, मोठ्यानं वाचली जावी, आणि दुरुस्तीची मुदत बटण दाबल्यापासून न मोजता वाचनापासून मोजावी.

साशंक: वाचनाला मी हो म्हणतो. गाव ऐकत असेल तर मक्तेवालाही उभा राहून सांगेल की त्या गटात पऱ्हाटी आहे, आणि त्यासाठी त्याला ओटीपी लागणार नाही. पण वाचन होईपर्यंत चढलेल्या नोंदीचं काय? ती खरी धरायची की थांबवलेली?

आग्रही: थांबवलेली धरली तर वाचन लांबलेल्या गावाची खरेदीची यादी अडेल.

साशंक: आणि खरी धरली तर पैसे वाटून झाल्यावर वाचन होईल.

आग्रही: अॅपमध्ये दोन्हीपैकी एक आधीपासून ठेवावंच लागतं, काका. रिकामं सोडता येत नाही.

साशंक: मग जे ठेवाल ते ग्रामसभेत विचारून ठेवा. घाटावरच्या गावाचं उत्तर एक येईल, घाटाखालच्याचं दुसरं.

आग्रही: अॅप एक आहे.

साशंक: सातबारा तर प्रत्येक गावाचा वेगळा आहे ना?